झाकली मूठ, उघडे डोके

डिसेंबर 2024 संपता संपता बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात एक विचित्र तक्रार सुरू झाली. बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा या गावांतील लोकांच्या डोक्याला खाज सुटू लागली. मग केस राठ होत, आणि हाताने ओढले की मूठभर केस बाहेर येत. तीन-चार दिवसांत कुणाचे अर्धे, तर कुणाचे सगळे डोके रिकामे होई. त्यात म्हातारी माणसे होती, शाळेत जाणारी मुले होती, कॉलेजात जाणाऱ्या मुलीही होत्या. जानेवारीत वाहिन्यांचे कॅमेरे गावात पोहोचले आणि ‘टक्कल पडणारी गावे’ अशी या गावांची ओळख देशभर झाली.

शेगावच्या उत्तरेला लागूनच संग्रामपूर तालुका आहे. एका बाजूला सातपुड्याचा पायथा आणि अंबाबरव्याचे जंगल, दुसऱ्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्याचा खारपाण पट्टा. वरवट बकाल, पातुर्डा, सोनाळा, टुनकी या गावांचा बाजारहाट, दवाखाना, सोयरीक या सगळ्यासाठी शेगावशी रोजचा संबंध. त्यामुळे पलीकडच्या गावांतील धास्ती इकडे यायला वेळ लागला नाही. पाण्यामुळे होते, बुरशीमुळे होते, शिवल्याने पसरते, असे तर्क गावोगाव फिरू लागले.

ज्यांचे केस गेले, त्यांच्यापुढे मात्र वेगळाच प्रश्न होता. पुरुषांनी डोक्याला रुमाल बांधला, बायकांनी पदर पुढे ओढला. आहेत ते विरळ केस दिसण्यापेक्षा सगळेच काढून टाकलेले बरे, म्हणून काहींनी सरळ मुंडण केले. कॉलेजला जाणे बंद झाले, जुळत आलेली लग्ने अडली. दुखत काहीच नव्हते, ताप नव्हता, जिवाला धोकाही नव्हता. तरी माणसे घराबाहेर पडायला घाबरत होती, कारण आपण आहोत तसे लोकांना दिसू, ही भीती आजारापेक्षा मोठी झाली होती.

जे पुढे आले, त्यांच्यामुळे कारण सापडले

केस का गेले, हे शोधायला जिल्हा आरोग्य यंत्रणा आली, त्वचारोगतज्ज्ञ आले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही आपल्या परीने शोध घेण्यासाठी या गावांत गेले. त्यांनी दिलेल्या माहितीनुसार 18 गावांतील 279 जणांना हा त्रास झाला होता. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण नेहमीच्या 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट आढळले. घरांतील रेशनच्या गव्हात ते दर किलोला 14.52 मिलिग्रॅम होते. एरवी गव्हात ते साधारण 0.1 ते 1.9 मिलिग्रॅम असते.

या आकड्याचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. सेलेनियम हे विष नाही. थायरॉइडच्या कामाला आणि शरीरातील पेशींच्या संरक्षणाला ते लागतेच. पण प्रौढ माणसाची दिवसाची गरज असते जेमतेम 55 मायक्रोग्रॅम आणि सुरक्षित मर्यादा 400 मायक्रोग्रॅम. वर सांगितलेल्या गव्हाच्या 200 ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात सुमारे 2,900 मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल, म्हणजे मर्यादेच्या सात पट. चीनमधील एन्शी भागात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला असेच घडले होते. तिथेही जमिनीतून पिकात आणि पिकातून माणसात गेलेल्या सेलेनियममुळे केस आणि नखे गळून पडली होती.

केसच आधी का जातात? केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ज्या पेशींचे काम जोरात चालू असते, त्यांनाच विषारी मात्रेचा फटका आधी बसतो. कर्करोगाच्या केमोथेरपीत केस जातात, त्यामागेही हेच कारण असते. मूळ मेलेले नसते, ते फक्त काम थांबवते. म्हणून कारण दूर झाले की केस परत येतात. या गावांतही अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. हा शोध प्रयोगशाळेत लागला, पण त्यासाठी रक्त, लघवी आणि केसांचे नमुने कुणी तरी दिले होते. डोक्यावरचा रुमाल सोडून, अनोळखी डॉक्टरांसमोर, कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहून दिले होते. ही सगळी माणसे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणत घरात बसली असती, तर तोच गहू पुढचे कित्येक महिने दळला गेला असता. त्यांचे उघडे डोके पाहून शेजारच्या घरातील मुलेही वाचली. मनाच्या धैर्याचा सार्वजनिक आरोग्याशी इतका थेट संबंध क्वचितच दिसतो.

‘लोकं काय म्हनतीन?’

केसांबद्दल आपला समाज हळवा आहे, त्याला इतिहासही आहे. बाईचे डोके भादरणे ही आपल्याकडे शिक्षा होती. विधवेचे केशवपन हा तर धर्माचा भाग मानला जाई. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी हे काम करणार नाही, असे ठरवले, तेव्हा ती मोठी क्रांती होती. केस नसलेली बाई दिसली की पाहणाऱ्याच्या मनात अजूनही काही जुने जागे होते. त्यामुळे ‘केसच तर आहेत, येतील परत’ असे डॉक्टरने म्हणणे बरोबर असले, तरी पुरेसे नसते.

पण आपल्याकडे पाहून लोक काय विचार करतात याचा आपला अंदाज कितपत खरा असतो? मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे. अमेरिकेत 1980 मध्ये रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी एक प्रयोग केला. सहभागी व्यक्तींच्या चेहऱ्यावर रंगाने एक व्रण काढला आणि त्यांना तो आरशात दाखवला. मग व्रणाला भेगा पडू नयेत म्हणून मलम लावतो, असे सांगून त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. आपल्या चेहऱ्यावर व्रण आहे, याच समजुतीत ही मंडळी दुसऱ्या माणसाशी बोलायला गेली. परत आल्यावर त्यांनी सांगितले, की समोरचा माणूस अवघडला होता, आपल्याकडे पाहण्याचे टाळत होता. व्रण तर नव्हताच. समोरच्याच्या साध्या हालचालींत त्यांनी आपल्याच मनातील भीती वाचली होती.

दुसरा प्रयोग 2000 मध्ये थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून वर्गात पाठवले. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असे घालणाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही तो लक्षात आला नव्हता. प्रत्येक जण स्वतःच्याच नाटकातला नायक असतो, त्यामुळे सगळे दिवे आपल्यावरच आहेत, असे त्याला वाटत राहते.

याचा अर्थ भेदभाव होतच नाही, असा मुळीच नाही. शेगावच्या गावांत सोयरिकी अडल्या, त्या कल्पनेत अडल्या नव्हत्या. मुद्दा इतकाच, की खरा त्रास दोन आणे असतो, तेव्हा मन तो सोळा आणे धरून चालते आणि त्याच हिशेबाने दारे बंद करते.

लपवण्याची किंमत

लपवणे फुकट नसते. कोलंबिया विद्यापीठातील मायकेल स्लेपियन यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना त्यांच्या गुपितांबद्दल विचारले. बोलताना गुपित सांभाळावे लागते, असे प्रसंग तुलनेने कमी होते. एकटे असताना मन त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा जात होते, आणि जितक्या जास्त वेळा ते तिकडे जाई तितकी माणसाची तब्येत बिघडलेली दिसे. म्हणजे ओझे लोकांसमोर असताना कमी आणि रात्री अंथरुणावर जास्त. झोप न लागणे, छातीत धडधड, डोके जड होणे, भूक मंदावणे अशा तक्रारी घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकांच्या तपासण्या स्वच्छ निघतात, त्यामागे कधी कधी असे न बोललेले काही तरी असते.

काही आजारांत लपवण्याची किंमत थेट शरीर मोजते. कुष्ठरोग हे त्याचे सर्वांत जुने उदाहरण. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, तिथे टोचलेले कळत नाही, खाजत नाही, दुखत नाही. न दुखणारा चट्टा झाकायला सोपा असतो. पण त्याच काळात जंतू मज्जातंतू कुरतडत असतात. हाताची बोटे वाकडी होतात, पायाला न भरणाऱ्या जखमा होतात, ते या उशिरामुळे. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, आणि आजाराच्या प्रकारानुसार तो सहा ते बारा महिन्यांत पूर्ण होतो. औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका लवकरच संपतो. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी घराने टाकलेल्या माणसांना जवळ केले, तेव्हा हे औषध नव्हते. आज औषध आहे, पण चट्टा झाकणारी बाही अजूनही तशीच आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरणारी कायद्यातील तरतूदसुद्धा 2019 मध्ये रद्द झाली.

संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांना ठाऊक असलेला दुसरा आजार म्हणजे मूत्रपिंडाचा. खारपाण पट्ट्यात घरटी कुणी ना कुणी असा रुग्ण माहीत असतो. ‘पोरीचं लग्न होईपर्यंत कोणाला सांगू नका’ ही विनंती इथल्या डॉक्टरांना नवी नाही. बापाची काळजी समजण्यासारखी आहे. पण मूत्रपिंडाचे काम जवळपास निम्म्याने घटेपर्यंत रक्तातील क्रिएटिनिन फारसे वाढत नाही आणि माणसाला काही जाणवतही नाही. ज्या वर्षी काहीच होत नाही असे वाटते, तेच वर्ष उपचारासाठी सर्वांत मोलाचे असते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद करणे, लघवीतील प्रथिने तपासणे, हे सगळे वेळेत झाले तर डायलिसिस अनेक वर्षे लांबवता येते. गुपित सांभाळण्यासाठी तपासणीच टाळली, तर कोंबडे झाकून ठेवल्याने तांबडे फुटायचे थांबत नाही.

पांढरे डाग आणि एक डॉक्टर

आपण आहोत तसे दिसण्याच्या धैर्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांचे आहे. त्यांना स्वतःला कोड आहे. ‘श्वेता असोसिएशन’ स्थापन करून त्यांनी कोड असलेल्या लोकांचे स्वमदत गट सुरू केले, लग्नाच्या वयातील मुलामुलींसाठी मेळावे घेतले. याच विषयावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट केला. 2006 सालच्या या चित्रपटाची नायिका कोड असलेली एक डॉक्टर आहे. कोडाची भीती माणसाच्या त्वचेपेक्षा घरातल्यांच्या बोलण्यात कशी मुरलेली असते, ते त्यात दिसते.

कोडाचे शास्त्र साधे आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीकडून नष्ट होतात आणि त्या जागा पांढऱ्या पडतात. कोड शिवल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा लग्नाने पसरत नाही. मासे खाऊन दूध प्यायल्यानेही होत नाही. जगात साधारण शंभरातील एका माणसाला ते असते. त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हटले जाते आणि इथेच घोळ होतो. नावात कुष्ठ असले तरी त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. ओळख सोपी आहे: कोडाच्या डागावर स्पर्श नीट कळतो, कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर तो कमी होतो. मलमे, विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार, त्वचारोपण असे उपाय आहेत. चेहऱ्यावरचे डाग उपचाराला चांगला प्रतिसाद देतात, बोटांच्या टोकांवरचे आणि ओठांवरचे हट्टी असतात. डाग नवे असताना उपचार सुरू केले तर फायदा जास्त.

जगातील सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एकालाही हे लपवावेसे वाटले. गायक मायकेल जॅक्सन वर्षानुवर्षे जाड मेकअप आणि हातमोजे वापरत असे. त्याने कातडी मुद्दाम गोरी करून घेतली, अशी अफवा पसरली. अखेर 1993 मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्याने आपल्याला कोड असल्याचे सांगितले. लोकांनी तेव्हाही पुरता विश्वास ठेवला नाही. त्याच्या मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनात ते खरे ठरले. 25 जून हा त्याचा स्मृतिदिन आता जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. आपण झाकून ठेवलेली जागा लोक आपल्या कल्पनेने भरतात, आणि ती कल्पना बहुतेक वेळा सत्यापेक्षा वाईट असते.

सांगावे, पण कुणाला?

इथे एक सावधगिरी हवी. ‘खरे रूप दाखवा’ हा सल्ला सरसकट देता येत नाही. सासरी मारहाण होणारी सून, नोकरी जाण्याची भीती असलेला मजूर, एचआयव्ही बाधित व्यक्ती, घरात न सांगता आलेले आकर्षण मनात ठेवून जगणारा तरुण, यांनी चौकात उभे राहून सगळे सांगावे, असे कुणी म्हणू नये. कधी सांगायचे आणि कुणाला, हा निर्णय ज्याचा त्याचा. कायदाही हे मानतो. एचआयव्हीविषयीचा 2017 चा कायदा आणि त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य सेवा कायदा, दोन्ही रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा अधिकार देतात. डॉक्टरला सांगितलेले गावभर होणार नाही, हे रुग्णाने हक्काने गृहीत धरावे.

धैर्य म्हणजे एका दमात सगळ्यांना सगळे सांगणे, असा समज असल्याने माणसे सुरुवातच करत नाहीत. प्रत्यक्षात ते पायरीपायरीने येते.

पहिली पायरी कागदाची. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितले होते. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. वही कुणाला दाखवायची गरज नाही. लिहिता येत नसेल, तर शेतात एकटे असताना मोठ्याने बोलले तरी चालते.

दुसरी पायरी एका माणसाची. तो नवराच असावा किंवा भाऊच असावा, असे नाही. ज्याच्या पोटात गोष्ट राहते, असा कुणीही. आशाताई, शाळेतील बाई, आरोग्य उपकेंद्रातील परिचारिका, जुना मित्र. बोलताना एकच वाक्य पुरते: ‘मला एक सांगायचं आहे, तू लगेच उपाय सांगू नको, फक्त ऐक.’ असा माणूस जवळ नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

तिसरी पायरी आपल्यासारख्यांची. वही आणि मित्र हे दोन्ही असूनही ‘माझ्यासारखे आणखी कुणी आहे’ हे कळल्याशिवाय सुटका होत नाही. शेगावच्या गावांत एकाच घरात तीन-चार जणांचे केस गेले, तिथे घरातल्या घरात तरी लाज उरली नाही. कोडाच्या आणि व्यसनमुक्तीच्या गटांत नेमके हेच घडते: आपल्यासारखी दहा माणसे खुर्च्यांवर शांत बसलेली दिसली की अकराव्याचा आवाज फुटतो.

ऐकणाऱ्याचे काम

सगळा भार सांगणाऱ्यावरच टाकणे योग्य नाही. कुणाचा रुमाल सुटतो की नाही, हे समोर बसलेल्याच्या चेहऱ्यावर ठरते. डाग, टक्कल, सलाइनच्या खुणा, मनाच्या आजाराच्या गोळ्या यातले काही दिसले, तर एकदा साधेपणाने पाहावे आणि मग नेहमीच्या विषयावर यावे, पेरणीच्या, परीक्षेच्या, लग्नाच्या. ‘अरे बापरे’ म्हणू नये, पाप-पुण्याचा हिशेब काढू नये, न मागितलेली औषधे सुचवू नयेत. हात पुढे केला तर हात मिळवावा. नाभिकाने केस कापावेत, शिक्षकाने मुलाला पहिल्या बाकावर बसू द्यावे, सोयरीक जुळवणाऱ्याने डॉक्टरकडून माहिती घेतल्याशिवाय गावाला नाव ठेवू नये.

त्वचेवर बधिर चट्टा असेल, केस अचानक गुच्छाने जात असतील, नखे ठिसूळ होऊन पडत असतील, पायावर सूज किंवा लघवीला फेस येत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. एका घरात किंवा एका गल्लीत अशा तक्रारी एकाहून जास्त असतील, तर ते आवर्जून सांगावे आणि घरातील धान्य व पाणी कुठून येते, तेही सांगावे. शेगावच्या रुग्णांनी सांगितले, म्हणूनच पिठाच्या डब्यापर्यंत शोध पोहोचला.